"उचलून घेऊ की, त्यात काय!"

आधी हे सांगून टाकते. 9 जानेवारी 2025 ला मी कार्यालयात पत्र दिलं होतं. माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आहे, कॉलेजचा गोल शिक्का आहे आणि पत्र घेणाऱ्या लिपिकाची सही आहे. चार गोष्टी मागितल्या होत्या : व्यासपीठाला उतार, सभागृहाचं बाजूचं दार मोकळं, तळमजल्यावरच्या दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाची किल्ली, आणि पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या काढून जागा. कार्यक्रम 1 फेब्रुवारीला होता. हातात 23 दिवस होते. तेव्हा 'मंडळाच्या पोरांनी आयत्या वेळी सांगितलं' असं जे कॉलेजभर बोललं जातं, ते धादांत खोटं आहे.

 आमच्या विद्यार्थी मंडळाने ठरवलं होतं की एका दिवसाचं संमेलन असं घ्यायचं, जिथे कॉलेजातला आणि आसपासच्या कॉलेजांतला कुठलाही विद्यार्थी 'हे माझ्यासाठी नाही' असं म्हणून परत फिरणार नाही. मी सचिव होते. त्यामुळे जे झालं त्याचा जाब मलाच विचारला गेला. जाब द्यायला माझी ना नाही. पण ज्यांच्याकडे किल्ल्या होत्या त्यांना कुणीच काही विचारलं नाही, हे अजून सलतं.

आमच्या निमंत्रित कवींमध्ये एक मुलगी होती. शेजारच्या तालुक्यातली, एम. ए.च्या पहिल्या वर्षाची. व्हीलचेअर वापरते. ती फार ताकदीचं लिहिते, म्हणून तिला बोलावलं. ती व्हीलचेअर वापरते म्हणून नव्हे. डिसेंबरात मी फोन केला तेव्हा ती म्हणाली होती, "ताई, स्टेज कशाला? मी खालूनच वाचते. खरं तर सगळ्यांनीच खालून वाचलं तर?" मला वाटलं, बिचारी संकोचतेय. मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस, आम्ही रॅम्प करतोय." हे वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे परत यायचं आहे.

रॅम्पचं पत्र उपप्राचार्यांच्या टेबलावर गेलं तेव्हा त्यांचं पहिलं उत्तर होतं, "उचलून घेऊ की, त्यात काय! चार पोरं असतात." हेच वाक्य मग मी सांस्कृतिक विभागाच्या सरांकडून ऐकलं, शिपाईकाकांकडून ऐकलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमच्याच मंडळाच्या बैठकीत दोघांकडून ऐकलं. कुणाच्याही बोलण्यात दुष्टावा नव्हता. उलट प्रत्येकाला आपण फार मोठ्या मनाचं बोलतोय असं वाटत होतं. म्हणून तर त्याच्याशी भांडता येईना.

कॉलेजने रॅम्प करायला पैसे दिले नाहीत. मंडळाच्या निधीतून मी मंडपवाल्याला सांगितलं. त्याने टेप लावून मोजलं : पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे व्यासपीठ 30 इंच उंच. नियम असा आहे की एक इंच चढायला किमान बारा इंच लांबी लागते. 30 इंचांना 30 फूट. मंडपवाला डोकं खाजवून म्हणाला, "ताई, तीस फूट उतार म्हणजे निम्मा हॉल गेला. मी सहा फुटी फळी देतो, आम्ही त्यावरून साउंडच्या पेट्या चढवतो." सहा फुटांत 30 इंच! त्यावरून धडधाकट माणूस चालला तरी पुढे हात टेकेल. पण तो माणूस किमान मोजायला वाकला तरी. त्या सबंध प्रकरणात टेप हातात घेतलेला तो एकटाच.

मी परत उपप्राचार्यांकडे गेले. म्हटलं, सर, मग माइक खालीच लावू, सगळेच कवी खालून वाचतील, व्यासपीठ रिकामं राहू दे. ते म्हणाले, "प्रमुख पाहुणे खाली बसतील का? दीपप्रज्वलन कुठे करायचं?" मी म्हटलं, समई खाली ठेवता येते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही अभ्यासाकडे लक्ष द्या जरा."

शेवटी मी साउंडवाल्याशी बोलून एक कॉर्डलेस माइक राखून ठेवला. तिचं नाव आलं की तो तिच्याकडे न्यायचा आणि तिने जागेवरून वाचायचं, असं ठरलं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांना हे मी तोंडी सांगितलं. तोंडी. कागदावर दिलं नाही. ही माझी चूक, आणि ती मी मान्य करते.

संमेलनाच्या दिवशी सकाळपासूनच गोष्टी बिनसत गेल्या. बाजूच्या दारापुढे पाहुण्यांची गाडी लावलेली. स्वच्छतागृहाला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते शिपाईकाका रजेवर. दुसरी किल्ली शोधून अकरा वाजता दार उघडलं तर आत खराटे, तुटकी बाकं आणि मागच्या कुठल्याशा प्रदर्शनाचे फलक छतापर्यंत रचलेले. 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी मात्र बाहेर चकचकीत होती. ती मुलगी सकाळी सात वाजता घरून निघाली होती. दुपारी घरी पोचेपर्यंत ती पाणी प्यायली नाही. का, ते मला नंतर कळलं.

तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी साउंडच्या टेबलापाशी होते, हॉलच्या मागच्या टोकाला. मुलगा माइक घेऊन निघालासुद्धा. इतक्यात सूत्रसंचालक सर म्हणाले, "नाही, नाही, खालून कशाला? आपण तिला मानाने वर आणू! कुठे आहेत आपले एनसीसीचे छावे?" चार मुलं उठली. तिने हात वर केला. मला लांबून दिसलं, ती 'नको' म्हणत होती. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. एकाने खुर्चीचा हातदांडा धरला. व्हीलचेअरचे हातदांडे पुष्कळदा काढता-घालता येणारे असतात, हे त्याला कुठून ठाऊक असणार? तिसऱ्या पायरीवर तो दांडा त्याच्या हातात आला. खुर्ची एका बाजूला कलली. तिने समोरच्या मुलाची कॉलर घट्ट पकडली आणि त्या मुलाने कसाबसा तोल सावरला. हॉलला वाटलं, प्रसंग रंगला. टाळ्या वाढल्या. मोबाइल वर झाले.

वर ठेवल्यावर सर म्हणाले, "ही आपली संस्कृती!" आणि माइक तिच्या हातात दिला.

ती म्हणाली, "मी नको म्हणाले होते. मला खाली न्या."

इतकंच. कविता वाचली नाही. आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. हॉल गप्प झाला, पण ती शांतता शरमेची नव्हती. लोकांना ती कृतघ्न वाटली. माझ्या शेजारचा मुलगा पुटपुटला, "एवढं केलं तरी..." आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या टाळ्या तिच्या कवितेला नव्हत्या. कविता तर कुणी ऐकलीच नव्हती. त्या उचलणाऱ्यांना होत्या, म्हणजे आम्हाला होत्या. सगळ्यांना सामावून घेणाऱ्या संमेलनात एक माणूस आमच्या चांगुलपणाचं सामान म्हणून वर चढवला गेला होता.

आणि त्याच क्षणी डिसेंबरातला फोन आठवला. स्टेज कशाला, हे तिने सांगितलं होतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. मी विचारलं, आणि ऐकलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, एका वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर फोटो आला. मथळ्यात 'माणुसकी' हा शब्द. चारही मुलांची नावं बिनचूक. तिचं आडनाव चुकलेलं. ती कवयित्री आहे, हे बातमीत कुठेच नाही. फोटो छापण्याआधी तिला कुणी विचारलं नव्हतं. मी फोन केला तर तिच्या आईने उचलला आणि म्हणाल्या, "ती बोलणार नाही." मग जरा थांबून, "तुमची चूक नाही हो बाळा," असंही म्हणाल्या. त्या दुसऱ्या वाक्याने मला जास्त लागलं.

सोमवारी बैठक झाली. तिथे 'कळवलंच नाही' हे वाक्य आलं. मी पोच टेबलावर ठेवली. ती कुणी हातात घेतली नाही. मग सूर बदलला : "हे सगळं मार्गदर्शक स्वरूपाचं असतं, सक्ती नसते." हे ऐकून मी गप्प बसले, कारण तेव्हा मला कायदा नीट माहीत नव्हता. आता माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही गप्प बसू नका.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्याच्या कलम 16 प्रमाणे सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवायच्या आहेत. कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे ही मुलं पाहुणी नाहीत, ती कॉलेजचीच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची स्वतंत्र मानकं काढली. आणि 'सक्ती नसते' म्हणणाऱ्यांसाठी : 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात नेमका हाच मुद्दा धरला. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवणं कायद्याशी विसंगत आहे, असं म्हणून सरकारला सक्तीचे नियम करायला सांगितलं. आमची बैठक त्यानंतर तीन महिन्यांनी झाली होती. आमच्या राज्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, तिथे तक्रार करता येते. अर्ज मराठीत चालतो.

आता तुम्ही असा कार्यक्रम घेणार असाल तर.

व्यासपीठ हवंच का, हे पहिल्या बैठकीत ठरवा, शेवटच्या नव्हे. आमच्या सभागृहासारखं बांधीव व्यासपीठ असेल आणि उताराला जागा नसेल, तर सगळ्यांनीच खाली या. पाहुणेसुद्धा. एकट्या तिला खाली आणि बाकीचे वर, हेही नको. तो वेगळा अपमान आहे. पाहुण्यांना आधी फोन करून कारण सांगा. माझा अनुभव असा की पाहुण्यांचं काहीच म्हणणं नसतं, त्यांच्या नावाने अडवणारे दुसरेच असतात. आमचे पाहुणे कार्यक्रमानंतर मला म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी खाली बसलो असतो." खरंच विचारलं नव्हतं.

ज्यांना बोलावताय त्यांना विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. त्यांचं उत्तर म्हणजे संकोच, असं समजून त्यात आपली भर घालू नका. शक्य असेल तर आठ दिवस आधी त्यांना, किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाला, जाण्यायेण्याचे पैसे देऊन जागा पाहायला बोलवा. फाटकापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून स्वच्छतागृहापर्यंत, सगळं. दाराची रुंदी 90 सेंटिमीटर तरी हवी. स्वच्छतागृहाचं दार उघडून आत डोकवा, पाटी वाचून परतू नका. किल्ली आदल्या दिवशी स्वतःच्या ताब्यात घ्या.

उचलणं हा पर्यायच यादीत ठेवू नका. आग लागली, भूकंप झाला, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही हातदांडा धरायचा नाही. कुठे धरायचं हे खुर्चीतल्या माणसालाच विचारायचं.

सूत्रसंचालकाला सगळं लेखी द्या. कुठे कोण वाचणार, कुणाबद्दल काय बोलायचं नाही. 'अपंगत्वावर मात करून' हे शब्द बाद. फोटोवाल्यालाही सांगा.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांबद्दल आमची वेगळी फजिती झाली. तंत्रनिकेतनातल्या दोन कर्णबधिर मुलांसाठी आम्ही पुण्याहून दुभाषी बोलावल्या. एकच. साडेचार तासांचा एसटीचा प्रवास करून आल्या आणि सलग अडीच तास हात चालवत राहिल्या. दोन दुभाषी लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून, हे त्यांनीच आधी सांगितलं होतं. आमच्या खजिनदाराने खर्च कापला. त्यात लघुपटाच्या वेळी हॉलचे दिवे गेले आणि त्या अंधारात उभ्या. पडद्यावर अक्षरंही नाहीत. ती दोन मुलं बावीस मिनिटं नुसती बसून होती. दुभाष्यांवर एक दिवा कायम ठेवा, त्यांना बोलणाऱ्याच्या जवळ उभं करा, भाषणांचे मुद्दे आणि कविता आदल्या दिवशी पाठवा. पाहुणे भाषण लिहून देत नाहीत, हे मला माहीत आहे. मागे लागा.

पत्रिकेबद्दल. आमची पत्रिका सुंदर होती, डिझाइनवाल्याने मेहनत घेतली होती, आणि ती व्हॉट्सअपवर चित्र म्हणून फिरली. आमच्याच कॉलेजातल्या एका अंध विद्यार्थ्याने मला सांगितलं, "मॅडम, माझा फोन फक्त 'फोटो' एवढंच बोलला." मग मी कार्यक्रमपत्रिकेची फाइल पाठवली. ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली. त्याच्या संगणकाने ती भलतीच इंग्रजी अक्षरं म्हणून वाचली. मराठीतला बराचसा छपाईचा व्यवहार अजून असल्या फाँटमध्ये चालतो आणि डोळस माणसाला त्याचा पत्ताही नसतो. युनिकोडमध्ये साधा मजकूर टाइप करा आणि चित्रासोबत पाठवा. दहा मिनिटांचं काम आहे.

जेवणाचं थोडक्यात : शनिवार होता, शनिवार धरणारे बरेच निघाले, जैन मुलं होती, आम्ही पुलाव ठेवला होता. नावनोंदणीच्या अर्जात विचारलं असतं तर झालं असतं. त्याच अर्जात 'पुरुष/स्त्री' असे दोनच रकाने होते. तृतीय लिंगाला कायदेशीर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2014 चा आहे, आणि आमचा अर्ज मात्र त्याआधीच्या कुठल्यातरी नमुन्यावरून उचललेला. एक जण अर्ज भरून न पाठवता थेट आला, मागे बसला आणि मध्येच निघून गेला. रकाना हवाच कशाला, असाही प्रश्न आता मला पडतो.

वेळ पाहा. शेवटची गाडी कितीला, वसतिगृहाचं फाटक कितीला बंद होतं. आमचा समारोप लांबला आणि खेड्यातल्या मुली समारोपाआधीच उठून गेल्या. तयारी लवकर सुरू करा, कामं वाटून द्या, हे तर सगळेच सांगतात, मीही सांगते.

आणि पोच. प्रत्येक पत्राची, प्रत्येक वेळी. तुम्ही कॉलेज सोडून गेल्यावर तुमच्या बाजूने बोलायला तो एक कागदच उरतो. आम्ही त्या पत्राची प्रत नव्या कार्यकारिणीला दिली आहे, मंडळाच्या नस्तीत पहिलंच पान. स्वच्छतागृह आता रिकामं केलं आहे, असं ऐकते. व्यासपीठाच्या पाच पायऱ्या तशाच आहेत.

यंदा संमेलन घेणार असाल तर तिला बोलवा. माझं नाव सांगू नका. माइक खाली लावा, पाहुण्यांना खाली बसवा, आणि हे दोन्ही झाल्यावरच फोन करा. तिची ती कविता मी अजून ऐकलेली नाही.